घरगुती दर

दिवसा मी मीटर वाचतो.
विडी घरकुलपासून दत्तनगरपर्यंत
जिन्याखालचे, न्हाणीच्या भिंतीवरचे,
कोळिष्टकांत अडकलेले आकडे
मोबाइलमध्ये टिपून घेतो.
कुणाकडे कूलर आला, कुणाचा माग बंद पडला,
शेजाऱ्यांच्या आधी मला कळतं.

पगार एजन्सीचा. सात तारखेला,
म्हणजे बाराला, म्हणजे
साहेब पुण्याहून परत आल्यावर.

म्हणून दिवाळीनंतर मेहुण्याच्या टेम्पोतून
एक जुनी पिकोची मशीन आणली.
साडेआठ हजार. निम्मे उधार.
आठ रात्री फाटक्या चादरीच्या काठावर हात बसवला.
आई पलीकडे सुपात पानं कापत होती,
साठ वर्षं ती विड्या हजारांत मोजते,
तिला माझी एक-एक साडी म्हणजे खेळ वाटला.
"निद्र रादा नीकु?" एवढंच म्हणाली,
आणि दिव्याची बाजू माझ्याकडे सोडून सरकली.

नवव्या दिवशी बोद्दूल वहिनी आल्या.
सकाळी त्यांच्या दाराशी मी तीनदा
"मीटर!" म्हणून ओरडलो होतो,
आतून कुणी कडी काढली नव्हती.
आता दार मी उघडलं.
"तुमच्याकडं फॉल करतात म्हणं?"
पिशवीतून चिंतामणी रंगाची साडी निघाली.
तसा दोरा माझ्याकडे नव्हता.
नाही म्हणालो नाही.
सायकल काढली, दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं,
वाकून आत शिरलो.

आता रीळं आहेत: डाळिंबी, मोरपंखी, अबोली, रामा.
बायकोची टीप माझ्यापेक्षा सरळ, हे मान्य करून
फॉल तिच्याकडे दिला, पिको मी ठेवला.
लग्नसराईत रात्री दीड वाजतो.
सकाळी सुपरवायझर विचारतो,
"काय बे येमूल, डोळे लाल का?"
मी म्हणतो, ऊन.
सोलापुरात हे उत्तर कुणी तपासत नाही.

मार्चमध्ये माझी गल्ली आली.
माझं घर, माझा मीटर, दारामागे, कॅलेंडरखाली.
फोटो काढला. आकडा टाकला.
दर महिन्याला साठ-सत्तर, यंदा एकशे नव्वद.
खाली शेऱ्याची चौकट:
दार बंद. मीटर नादुरुस्त. वापर बदल.

मागच्या मे महिन्यात
अंकम बाईंच्या पुढच्या खोलीत चटणीचं यंत्र दिसलं,
मी उभ्या-उभ्या "वापर बदल" दाबलं होतं.
त्यांनी आधी मला माठातलं पाणी दिलं होतं.
मी पिऊन मग दाबलं.
नियम असा होता. पाणीही गार होतं.

दारामागे उभा राहिलो किती वेळ कोण जाणे.
आतून मशीनचा आवाज थांबला.
"काय बघालाव एवढं?" बायकोनं विचारलं.
बोट "दार बंद"वर गेलं होतं, खरं सांगतो,
आणि दार तर सताड उघडं,
आतून दोऱ्याचे तुकडे वाऱ्यानं पायाशी येत होते.

पुढचं बिल व्यावसायिक दरानं आलं.
कमाईतला चांगला घास घेऊन गेलं.
मला वाटलं, ही आता दोन दिवस बोलणार नाही.
तिनं ते बिल मशीनच्या वर
खिळ्याला अडकवलं, देवाच्या फोटोशेजारी.
"कंपनीनं लिहून दिलंय, धंदा आहे म्हणून.
आता तू कशाला लोकांना सांगत फिरतो
नुसतं रिकाम्या वेळात करतो म्हणून?"

एप्रिलच्या एका संध्याकाळी अंकम बाई आल्या.
मोतिया साडी, लेकीच्या साखरपुड्याची.
बोटांना मिरचीचा लाल रंग.
मी साडी जपून धरली, पिको नीट केला,
कोपऱ्यात दोनदा टाके घेतले,
आणि म्हणालो, राहू द्या पैसे.
त्यांनी भिंतीवरचं बिल वाचलं.
सावकाश, वरपासून खालपर्यंत,
मी लोकांचे मीटर वाचतो तसं.
मग मोजून पन्नास रुपये मशीनवर ठेवले.
"दर म्हणजे दर," म्हणाल्या,
आणि माठाकडे बघून,
"पाणी असलं तर द्या."